तीस मैलांवरचा परदेश

(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना वेळेअभावी गाळलेल्या एक-दोन गोष्टी इथे पुन्हा घातल्या आहेत.)

अध्यक्ष महोदया, कार्यकारिणीतले मित्र, देणगीदार मंडळी, आणि मागच्या खोलीतून येणाऱ्या बटाटेवड्यांच्या वासाकडे निग्रहाने दुर्लक्ष करून इथे बसलेले सगळे रसिक, नमस्कार!

कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'प्रवासवर्णन' असं छापलंय. गेल्या वर्षी याच व्यासपीठावरून आपण अलास्काच्या क्रूझची हकिगत ऐकली, त्याच्या आदल्या वर्षी माचूपिचूची. त्या मानाने आमचा प्रवास फारच गरीब आहे. जाऊन-येऊन साठ मैल. व्हिसा नाही, विमान नाही, वाटेत एकदा गॅस भरला तर भरला. नोव्हायहून निघायचं आणि डेट्रॉईटला जायचं, एवढंच. तरीही या भाषणाला परदेश प्रवास का म्हणतो, ते ओघात येईलच.

'आम्ही' म्हणजे आम्ही दोघं, नवराबायको. दोघंही इंजिनियर, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे घरातली भांडणंसुद्धा व्हर्जन नंबर लावून होतात. हे भाषण दोघांनी मिळून लिहिलंय. बोलणारा एक असला तरी कबुली दोघांची आहे. कबुली हा शब्द जपूनच वापरतोय.

आम्ही २०१२ च्या डिसेंबरात इथे आलो. दोन बॅगा, एक प्रेशर कुकर, आणि बर्फाबद्दल सिनेमातून मिळालेलं ज्ञान. पहिल्याच आठवड्यात आपल्या मंडळातल्या एका काकांनी जेवायला बोलावलं. फार प्रेमळ माणूस. आमचे पुण्यात घेतलेले स्वेटर बघून त्यांनी आतल्या खोलीतून दोन जाड कोट आणून दिले, ते आम्ही चार हिवाळे वापरले. जेवण झाल्यावर त्यांनी कागदावर नकाशा काढून दाखवला: हे इंडियन ग्रोसरी, हे देऊळ, इथे चांगल्या शाळा. मग खाली पेनाने एक आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "ही एट माइल. हिच्या खाली काम असल्याशिवाय जायचं नाही. गेलात तर गाडीच्या काचा वर, दारं लॉक, आणि अंधार पडायच्या आत परत."

आम्ही ऐकलं. नव्या देशात वडीलधारं माणूस काही सांगतं तेव्हा आपण ऐकतोच. पुढची कितीतरी वर्षं डेट्रॉईट म्हणजे आमच्यासाठी ऑटो शो, नदीकाठची आतषबाजी, एखाद्या मोठ्या हॉटेलातलं लग्न, आणि विंडसरला जायचा बोगदा. फ्रीवेवरून उतरायचं, पार्किंगच्या इमारतीत शिरायचं, लिफ्टने वर, लिफ्टने खाली, परत फ्रीवे. गंमत अशी की भारतात कुणी विचारलं कुठे असता, तर आम्ही छाती पुढे काढून 'डेट्रॉईट' सांगायचो. नोव्हाय कुणाला माहीत? शहराचं नाव तेवढं वापरायचो, शहर नाही.

या एट माइल रस्त्याबद्दल थोडं सांगायला हवं. इथले आडवे रस्ते डाऊनटाऊनपासून मैल मोजत येतात: सिक्स माइल, सेव्हन माइल, एट माइल. आठव्या मैलाला शहराची हद्द संपते. खाली डेट्रॉईट, वर आपण. आता, रस्ता तो रस्ता. डांबर दोन्ही बाजूला सारखंच. पण १९५० च्या जनगणनेत या रस्त्याच्या खालच्या शहरात साडेअठरा लाख माणसं राहत होती आणि २०२० च्या जनगणनेत सहा लाख एकोणचाळीस हजार. लढाई झाली नाही, भूकंप झाला नाही, नदीने पात्र बदललं नाही, आणि दर तीन माणसांमागे दोन माणसं कमी झाली. शहराचा आकार मात्र तेवढाच, १३९ चौरस मैल. तीन माणसांचा सदरा एका माणसाने घातल्यावर तो जसा लोंबेल तसं ते शहर लोंबतं.

२०२४ च्या जूनमध्ये मिशिगन सेंट्रल स्टेशन पुन्हा उघडलं. आपल्यापैकी बरेच जण ते बघून आले असतील. १९१३ साली बांधलेलं, मागे अठरा मजली मनोरा असलेलं रेल्वे स्टेशन. १९८८ च्या जानेवारीत शेवटची गाडी गेली आणि ते बंद पडलं. नंतर तीस वर्षं खिडक्या फुटलेल्या, तांबं-पितळ चोरीला गेलेलं, आत पाणी साठलेलं. डेट्रॉईटची दुर्दशा दाखवायची म्हटलं की मासिकांत याच इमारतीचा फोटो. २०१८ मध्ये फोर्ड कंपनीने ते विकत घेतलं आणि सहा वर्षं खपून पूर्ववत केलं. आम्ही मुलाला घेऊन गेलो. व्हीटीच्या आतल्या त्या उंच हॉलमध्ये उभं राहिल्यावर मान जशी आपोआप वर जाते, तशी तिथे जाते. कमानी, संगमरवर, छताच्या टाइल्स, सगळं जसंच्या तसं. एका भिंतीवर पडीक काळात लोकांनी केलेली रंगरंगोटी मुद्दाम ठेवून दिली आहे, तेही आम्हाला आवडलं. मुलाने विचारलं, "बाबा, ट्रेन कुठे आहे?" ट्रेन नाहीये. ऑफिसं आहेत.

बाहेर पडलो तर सगळीकडे चैतन्य. कॉफीची दुकानं, सायकली, जुन्या गोदामांचे फ्लॅट. २०१७ पासून वुडवर्डवर ट्रामही धावते, सव्वातीन मैल. डाऊनटाऊन आणि आजूबाजूचा भाग मिळून सात-सव्वासात चौरस मैल. तेवढ्या भागाला खरोखर कळा आली आहे, आणि तिला नाकं मुरडायची आमची इच्छा नाही. शहरातले रस्त्यावरचे दिवे २०१३ साली जवळजवळ चाळीस टक्के बंद होते, ते २०१६ अखेर पासष्ट हजार नवे बसवून झाले, तेही फक्त डाऊनटाऊनमध्ये नव्हे, सगळीकडे. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांनुसार शहराची लोकसंख्या कित्येक दशकांत पहिल्यांदाच जराशी वाढली. हे सगळं खरं आहे. पण सात मैलांच्या बाहेर एकशे तीसच्या वर मैल उरतात, आणि आम्हाला त्यातल्या एका गल्लीत जायचं होतं. म्हणजे जायचं नव्हतं. पण परतताना गाडी चालवणाऱ्याने फ्रीवे सोडला आणि शेजारी बसलेलीने का म्हणून विचारलं नाही.

आता कबुली.

२०१५ चा ऑक्टोबर. आम्ही तीन मित्रकुटुंबं, सगळे तिशीच्या आतबाहेर, सगळे सॉफ्टवेअरवाले, शुक्रवारी रात्री एकत्र जेवायचो. त्या काळात आपल्या लोकांत एक विषय जोरात होता: डेट्रॉईटमध्ये घरं फोनच्या किमतीत मिळतात. खोटं नव्हतं. मालमत्ता कर तीन वर्षं थकला की घर जप्त होतं आणि काउंटी त्याचा लिलाव करते. पहिल्या फेरीत थकलेल्या रकमेपासून बोली सुरू होते. तिथे गेलं नाही तर दुसऱ्या फेरीत पाचशे डॉलरपासून. लिलाव इंटरनेटवर. लॉगिन करायचं, अनामत भरायची, बोली लावायची. आमच्यातल्या एकाने तर पानावरची माहिती उचलून एक्सेलमध्ये भरणारा छोटा प्रोग्रामही लिहिला. पत्ता, वर्ष, चौरस फूट, शेजारची किती घरं रिकामी. आम्हाला त्या प्रोग्रामचा फार अभिमान होता. बिर्याणी झाल्यावर, सोफ्यावर बसून, हसत-खिदळत आम्ही तीन कुटुंबांनी मिळून एक घर घेतलं. तीन हजार एकशे डॉलर. बोली संपायच्या वेळी मुलांनी टाळ्या वाजवल्या.

घर पाहिलं नव्हतं. तीन आठवड्यांनी कागद हातात आल्यावर पाहायला गेलो. काचा वर, दारं लॉक. विटांचं दुमजली घर, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात दोन खुर्च्या आणि एका खुर्चीवर उशी. उशी कोरडी होती. म्हणजे कुणीतरी राहत होतं.

दार एका सत्तरीच्या बाईंनी उघडलं. त्यांचं नाव सांगत नाही. आम्ही 'आम्ही नवे मालक' हे वाक्य गाडीत इंग्रजीत तीनदा घोकलं होतं, ते तोंडातून निघेना. त्यांनीच म्हटलं, "तुम्ही लिलावातले ना? आत या, बाहेर गारठा आहे." घर त्यांच्या यजमानांचं. यजमान एकतीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात कामाला. ते वारल्यावर कर भरणं जमेना. मूळ रक्कम फार नव्हती, पण जप्तीच्या वाटेवर लागलेल्या थकबाकीला वर्षाला अठरा टक्के व्याज चढतं. त्यांच्याकडे मागितलेली रक्कम साडेसहा हजाराच्या आसपास होती. आम्हाला घर त्याच्या निम्म्यात मिळालं होतं. हे गणित त्यांनीच बोटांवर करून दाखवलं, रागावून नाही, जसं आपल्याकडे एखादी आजी भाजीवाल्याचा हिशोब सांगते तसं. मग म्हणाल्या, "महिन्याला दोनशे देईन. दीड वर्षात तुमचे पैसे फिटतील. वर काही हवं असेल तर तेही बोलू."

त्या शुक्रवारी आम्ही तिन्ही कुटुंबं पुन्हा जेवायला बसलो. दोनशेचे हप्ते कोण गोळा करणार, नाही दिले तर कोण जाणार, घराला काही झालं तर जबाबदारी कुणाची, आपले व्हिसा, आपली ग्रीनकार्डं, नसत्या भानगडी कशाला. सगळे मुद्दे बरोबर होते. एक गुंतवणूकदार सात हजार पाचशे द्यायला तयार होता. दोघं विकायच्या बाजूचे होते. आम्ही विकूया म्हटलं नाही. नकोही म्हटलं नाही. मान खाली घालून कोशिंबीर वाढून घेतली. २०१६ च्या मार्चमध्ये व्यवहार झाला. खर्च जाऊन आमच्या वाट्याला अकराशे डॉलर आले. त्यात थोडे घालून आम्ही गॅरेजचं दार बदललं. ते अजून उत्तम चालतं.

तर, २०२४ च्या जूनमध्ये, स्टेशनचं संगमरवर बघून झाल्यावर आम्ही त्या गल्लीत शिरलो. घर नव्हतं. घराच्या जागी गवत होतं, नीट कापलेलं. शेजारचे गृहस्थ आपल्या कुंपणाला रंग देत होते. गवत तेच कापतात म्हणाले, स्वतःच्या खर्चाने, नाहीतर कचरा टाकतात लोक. त्यांनी सांगितलं ते असं. नव्या मालकाने बाईंना घालवून भाडेकरू ठेवले. भाडेकरू एका हिवाळ्यात सोडून गेले. फर्नेस चोरीला गेली, मग तांब्याचे पाइप, मग आग लागली, आणि २०१९ मध्ये पालिकेने उरलेलं पाडलं. बाई? बहुतेक मुलीकडे, अटलांटाला. नक्की माहीत नाही. मुलगा गाडीत होता. त्याने विचारलं, "इथे आपलं कोण राहत होतं?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

घरी येऊन आम्ही तेच केलं जे इंजिनियर करतो: गुन्हा कुठल्या ओळीत आहे ते शोधायला बसलो. खोटं कशाला बोला, सुरुवातीला हेतू स्वतःला सोडवण्याचाच होता. सगळं कायदेशीर होतं, सगळं आधीपासून चालू होतं, आम्ही फक्त शेवटचं बटण दाबलं. ते खरंही आहे. पण बाकीच्या ओळी वाचत गेलो तसा तो 'फक्त' बारीक होत गेला.

कराचंच घ्या. मिशिगनच्या राज्यघटनेप्रमाणे घराची करासाठीची आकारणी बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त असता कामा नये. २००८ नंतर डेट्रॉईटमधल्या घरांचे भाव कोसळले, आकारणी मात्र कोसळली नाही. 'डेट्रॉईट न्यूज'ने २०२० साली हिशोब छापला, की २०१० ते २०१६ या वर्षांत तिथल्या घरमालकांकडून किमान साठ कोटी डॉलर जादा कर आकारला गेला. म्हणजे ज्या थकबाकीपायी घरं गेली, तिचा मोठा भाग मुळात देणं लागतच नव्हता. आणि आणखी एक. उत्पन्न कमी असलेल्या घरमालकाला कर अंशतः किंवा पूर्ण माफ होण्याची तरतूद त्या वर्षांतही होती. त्या बाई त्यात अगदी सहज बसल्या असत्या. अर्ज मात्र करावा लागायचा, दरवर्षी नव्याने, आणि असा अर्ज असतो हेच कित्येकांना माहीत नव्हतं. आमच्याकडे सगळ्या गल्लीची माहिती एक्सेलमध्ये होती. त्यांच्याकडे एक फॉर्म नव्हता.

मग ती भिंत. एट माइलपासून जवळच, वायोमिंग रस्त्याच्या बाजूला बर्वुड नावाच्या गल्लीत घरांच्या परसामागून साधारण अर्धा मैल जाणारी भिंत आहे. आम्ही रोज ज्या एट माइलवरून कामाला जायचो तिथून चालत पाच मिनिटं, आणि बारा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. १९४१ साली तिथे एका बिल्डरला गोऱ्या कुटुंबांसाठी घरं बांधायची होती. सरकारी हमी असलेलं कर्ज मिळेना, कारण शेजारी काळ्या लोकांची वस्ती होती. सरकारी नकाशांवर अशा वस्त्या लाल रंगवलेल्या असत आणि लाल भागात किंवा त्याला लागून कर्ज म्हणजे धोका. बिल्डरने दोन्हींच्या मध्ये सहा फुटी भिंत बांधली. कर्ज मंजूर झालं.

आज भिंतीच्या एका भागावर रंगीत चित्रं आहेत, शेजारी मुलांचं मैदान आहे. आमचा सात वर्षांचा मुलगा तिच्यापाशी उभा राहून म्हणाला, "ह्याच्यावरून तर कुणीही उडी मारेल." बरोबर आहे. माणसं अडवायला ती कधी नव्हतीच, ती फाइलमध्ये लावायला होती. तिच्या एका बाजूच्या लोकांना वीस-तीस वर्षांच्या हप्त्यांनी घर मिळालं, ते घर वाढलं, त्यावर मुलं कॉलेजात गेली. दुसऱ्या बाजूच्यांना मिळेल ते, मिळेल त्या व्याजाने. पुढे काळ्या लोकांची हेस्टिंग्ज स्ट्रीटची भरलेली बाजारपेठ फ्रीवेखाली गेली, कारखाने शहराबाहेर सरकले, १९६७ च्या जुलैत दंगल झाली आणि त्रेचाळीस माणसं मेली, आणि ज्यांना कर्ज मिळत होतं ते याच फ्रीवेवरून वर आले. आपण ज्यांच्याकडून घरं घेतली त्यांचे आईवडील. म्हणून म्हटलं, रस्ता तो रस्ता. काकांनी जी रेघ मारली ती त्यांनी मारली नव्हती. त्यांना कुणीतरी मारून दिली होती, आणि आम्ही ती गिरवली.

बसचंही सांगतो, कारण ते आपल्या अंगणातलं आहे. २०१५ साली इथल्या पेपरात एका कामगाराची गोष्ट गाजली होती, काहींना आठवत असेल. डेट्रॉईटचा माणूस, नोकरी रॉचेस्टर हिल्सला, मोटार बिघडलेली. जाता-येता मिळून रोज एकवीस मैल चालायचा, कारण मधल्या काही गावांनी उपनगरी बससेवेतून अंग काढून घेतलं होतं. वाचून लोक हेलावले, साडेतीन लाख डॉलर जमले, एकाने नवी कोरी गाडी दिली. आम्हीही वीस डॉलर पाठवले होते आणि दिवसभर बरं वाटलं होतं. बस मात्र आली नाही. बस घ्यायची नाही असं ठरवलेल्या गावांत आपलं नोव्हायही होतं. ते बदललं २०२२ च्या नोव्हेंबरात, सबंध काउंटीने मतदान करून बससाठी कर मान्य केला तेव्हा. नागरिक झालेल्या आपल्यापैकी काहींनी त्या वेळी विरोधात मत दिलं हे आम्हाला माहीत आहे, त्यांनीच सांगितलंय, आणि ते इथे बसले आहेत, आणि आमचे चांगले मित्र आहेत. जेवताना पुन्हा भांडू.

आता कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण आपलं तिथे काय? हा प्रश्न कार्यकारिणीतही आला होता. गावाकडे शाळेला धड छप्पर नाही आणि तुम्ही अमेरिकेतल्या लोकांना कसली मदत करता?

यावर वाद घालण्यापेक्षा घरातली एक गोष्ट सांगतो. आमच्यातल्या एकाचे आजोबा लालबागला होते. कापड गिरणीत, थ्रॉसल खात्यात. चाळीत दहा बाय बाराची खोली, तिथे घरची सात माणसं आणि गावाहून नोकरी शोधायला आलेला एखादा पाहुणा कायमचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार, साठाच्या वर गिरण्या. तो संप कुणी मोडला, कुणी ताणला, यावर आपल्यात आजही दोन तट पडतील, ते राहू द्या. आजोबांनी दीड वर्ष वाट पाहिली. आधी आजीच्या बांगड्या गेल्या, मग पितळेची भांडी. मग त्यांनी खोली पागडीने देऊन टाकली, मिळेल त्या पैशाला, आणि देवरुखजवळच्या गावी परत गेले. भोंग्याची सवय एवढी, की मरेपर्यंत पहाटे सहाला उठून बसायचे आणि मग काय करायचं हे त्यांना कळायचं नाही.

१९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन भाग ठरले होते: एक मोकळ्या जागेसाठी, एक सर्वसामान्यांच्या घरांसाठी, एक मालकांना. २००१ मध्ये तो नियम असा बदलला की वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची. पहिल्या दोन भागांत किती उरलं ते आज परळच्या पुलावरून दिसतं. आम्ही भारतात गेलो की तिथल्या मॉलमध्ये जातो, मुलाला आइसक्रीम घेतो. एसी चांगला आहे.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना एक माणूस आम्हाला नेहमी दिसायचा: खोली घेणारा. अडलेल्या माणसाची खोली चार पैशांत उचलणारा, बहुतेक सोन्याची साखळी, तोंडात पान. आजोबा त्याच्याबद्दल कधी वाईट बोलले नाहीत, पण आम्ही मनात त्याला पुष्कळ शिव्या दिल्या. २०२४ च्या त्या रात्री, नोव्हायच्या घरी, नव्या दाराच्या गॅरेजमध्ये गाडी लावताना, तो कसा दिसत असेल हे आम्हाला कळलं. शुक्रवारी मित्रांबरोबर जेवत असेल. बायकामुलांचा असेल. कायद्याने वागत असेल.

हे झालं. आता कामाचं बोलू, वेळ संपत आलीय.

गेल्या वर्षापासून आम्ही काही जण महिन्यातून दोन शनिवार डेट्रॉईटमधल्या एका वाचनालयात बसतो. तिथली एक कायदेविषयक मदत करणारी संस्था करमाफीचे अर्ज भरून देते, आम्ही त्यांचे हरकामे. काम सोपं आहे आणि फार हळू चालतं. उत्पन्नाचा कागद, ओळखपत्र, मालकीचा पुरावा. मालकीच्या पुराव्याशी गाडं अडतं. घर वारलेल्या नवऱ्याच्या नावावर, आईच्या नावावर, कधी आजीच्या. पुढे कुणी नोंदच केलेली नाही. सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव आणि फेरफार कुणी केला नाही, हे प्रकरण आपल्यापैकी कुणाच्या घरी नाही? हात वर करा. बघा. म्हणून आपल्या लोकांना ते काम लगेच समजतं. पहिल्याच दिवशी आपल्या एका मावशींनी, ज्यांनी वाईच्या जमिनीसाठी अकरा वर्षं तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, समोरच्या गृहस्थांना इतके नेमके प्रश्न विचारले की संस्थेच्या वकीलबाई वही घेऊन शेजारी येऊन बसल्या.

या वारसनोंदीला खर्च येतो. कोर्टाची फी, नोंदणीची फी, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती. रकमा आपल्या दृष्टीने किरकोळ, त्यांच्या दृष्टीने तेवढ्यासाठी घर जाईल इतक्या. आज जमणाऱ्या निधीचा निम्मा भाग कार्यकारिणीने यासाठी ठेवला आहे. निम्मा नेहमीप्रमाणे गावाकडच्या शाळेच्या वसतिगृहाला जाईल, त्याला कात्री लावलेली नाही, अध्यक्षांनी हे दोनदा सांगायला सांगितलं होतं, म्हणून तिसऱ्यांदा सांगतो. टेबलावरच्या पाकिटावर दोन चौकोन आहेत. एकावरच खूण करायची असेल तरी हरकत नाही. आमच्या पाकिटात अकराशे डॉलर आहेत आणि नऊ वर्षांचं व्याज, अठरा टक्क्यांनी, सरळव्याज. चक्रवाढीवर घरात एकमत झालं नाही.

पैशांपेक्षा माणसं जास्त लागतात. पुढच्या शनिवारी सकाळी साडेआठला नोव्हायच्या लायब्ररीच्या पार्किंगमधून तीन गाड्या निघतील. बारा जागा आहेत, सात भरल्या. लॅपटॉप आणू नका, तिथे आहेत. चष्मा आणा, अक्षर बारीक असतं. थर्मासमधून चहा आणलात तर तिथल्या आजीबाई खूश होतात, गेल्या खेपेला आल्याच्या चहाची कृती चौघींनी लिहून घेतली. आपले ते काका, रेघ मारणारे, गेल्या दोन्ही शनिवारी आले होते. एट माइल ओलांडली की अजून काचा वर करतात. पण येतात, आणि मागच्या सीटवर मधे बसतात, त्यामुळे खिडकीच्या जागा शिल्लक आहेत.

वडे गार होतायत. नमस्कार.